नर वेल उपटू नका

नर्सरीतून किवीची नर-मादी जोडी आणून लावली की पुण्यातही किवी लागतील, असं बऱ्याच बागप्रेमींना वाटतं. किवीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, हे खरं आहे. मादीच्या फुलातही पुंकेसर दिसतात, पण त्यातले पराग निकामी असतात. म्हणून बागायतदार साधारण आठ माद्यांमागे एक नर लावतात. पुण्यात मात्र घोडं अडतं ते थंडीपाशी. ‘हेवर्ड’सारख्या जातीला फुलण्याआधी ७ अंशांखालची थंडी ७००-८०० तास तरी लागते, आणि आपल्याकडे तशा पहाटा मोजक्याच. १९६० मध्ये बेंगळुरूच्या लालबागेत लावलेली किवी थंडीअभावी फळली नाही. शिमल्यात १९६३ मध्ये लावलेल्या वेलींनी मात्र फळं दिली.

नर-मादी वेलींची हौस पुण्यात भागवायची तर कर्टोली लावा. पावसाळ्यात मावळ-मुळशीकडून मंडईत येणारी ही रानभाजी फक्त रानातच होते, हा पहिला गैरसमज. मांडवाचा आधार आणि पाण्याचा निचरा असेल तर ती अंगणात, मोठ्या कुंडीतही वाढते.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी समजूत नर वेलीबद्दल आहे. फुलं येऊन गळतात, फळ धरत नाही, म्हणून तिला वांझ ठरवून लोक उपटून टाकतात आणि मग मादीची फुलंही फळाविना पिवळी पडून झडतात. ओळख अगदी सोपी आहे. मादीच्या फुलाखाली काटेरी, इवलंसं कर्टोलं कळीपासूनच दिसतं. नराच्या फुलाखाली ते नसतं, तिथे टोपीसारखं एक पान असतं. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, पण तो हवाच.

बी पेरून रोपं करावीत, असंही सुचवलं जातं. बी कठीण कवचाचं, उगवायला हट्टी. शिवाय वेल नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. कंदाचं तसं नाही. मादीच्या कंदातून मादीच येते. म्हणून फुलं असतानाच वेलींना खुणेच्या चिठ्ठ्या बांधा आणि पुढे कंद त्याप्रमाणे निवडा.

सकाळी मधमाश्या दिसल्या नाहीत म्हणून काळजी करू नका. कर्टोलीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि परागीभवन मुख्यतः पतंग करतात. उंच इमारतीच्या गच्चीवर ते फिरकत नसतील, तर दिवेलागणीला ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि पुंकेसर मादीफुलाच्या मधोमध अलगद टेकवा. फळ धरलं तर काही दिवसांतच फुगू लागतं.

हिवाळ्यात वेल वाळली म्हणून कुंडी रिकामी करू नका. कंद मातीत जिवंत असतो. उन्हाळ्यात पाणी बेताचंच द्या, पावसाच्या तोंडावर तो पुन्हा फुटेल. सोसायटीत दोन-तीन घरांनी मिळून एकच नर वेल जपली तरी चालेल.