बेंजो बेसूर वाजतोय? नवा घेण्याआधी मोबाइल काढा आणि हे तपासा

गणपती जवळ आले की आमच्या पालीत, म्हणजे राजगडाच्या पाली दरवाजाच्या पायथ्याला, पावसाळाभर पिशवीत गुंडाळलेला बेंजो बाहेर निघतो. पहिल्याच दिवशी तो बेसूर वाजतो आणि ग्रुपवर मेसेज पडतो, "बेंजो गेला, नवा बघा." वर्गणीतले पैसे तिकडे वळवण्याआधी जरा थांबा. बऱ्याचदा बेंजो धडधाकट असतो, फक्त त्याचं सेटिंग हललेलं असतं. आणि ते तपासायला लागणारं यंत्र तुमच्या खिशातच आहे.

आधी एक घोळ मिटवू. यूट्यूबवर 'बँजो सेटअप' शोधलंत तर गोल, पडदा ताणलेला अमेरिकन बँजो दिसेल. त्यातलं काही आपल्या कामाचं नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानच्या तैशोगोतोत आहे. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते वाद्य बनवलं, आणि बटणांची कल्पना आली टाइपरायटरवरून. बटण दाबलं की तार खालच्या पट्टीवर टेकते, वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. म्हणजे दिसायला हार्मोनियमसारखा असला तरी आतून तो गिटारचा भाऊ आहे.

आता मोबाइल. कुठलंही फुकट क्रोमॅटिक ट्यूनर ॲप चालेल. ॲप इंग्रजी अक्षरं दाखवतं आणि आपली पोरं 'काळी एक', 'पांढरी दोन' बोलतात, म्हणून लक्षात ठेवा: सी म्हणजे पांढरी एक, सी शार्प काळी एक, डी पांढरी दोन. खोलीत पंखा बंद करा, एकावेळी एकच तार छेडा, बाकीच्या बोटाने दाबून ठेवा. नाहीतर ॲप गोंधळतं. सुरांच्या तारा एकमेकींशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एक २६२ हर्ट्झवर आणि दुसरी २६४ वर असली, तर सेकंदाला दोनदा 'वाँव-वाँव' ऐकू येतं. ढोलताशाच्या गोंगाटात हे कळत नाही, पण गाणं 'घाण' वाटतं ते यामुळेच.

तारा जुळल्या तरी वरचे सूर चुकतायत? मग दोष घोडीचा. मोकळी तार ट्यून करा. मग काळी-पांढरी सगळी बटणं मोजत बारावं दाबा. तिथे तोच सूर एक सप्तक वर यायला हवा, कारण ती पट्टी तारेच्या मध्यावर असते. ॲपचा काटा पुढे गेला, म्हणजे सूर चढला, तर घोडी बटणांपासून किंचित लांब सरकवा. मागे राहिला तर जवळ आणा. एका वेळी अर्धा मिलिमीटर, आणि सरकवण्याआधी तारा थोड्या सैल करा. दर वेळी मोकळी तार परत ट्यून करून मगच बारावं बटण तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

गंजलेली तार मात्र कितीही पिळली तरी सुरात येत नाही. गंजाने तिची जाडी जागोजागी बदलते. ती बदलाच, आणि पिकअप चुंबकाचा असेल तर स्टीलचीच घ्या. पितळी तार चुंबकाला कळत नाही, आवाज पडतो.

अडकणारं बटण शोधायला कॅमेरा स्लो-मोशनवर लावा आणि सगळी बटणं भराभर दाबा. उशिरा वर येणारं लगेच दिसतं. तिथली स्प्रिंग थकली असेल किंवा धूळ बसली असेल. ब्रशने झाडा, खोबरेल तेल घालू नका. त्यावर पुन्हा धूळ चिकटते.

स्पीकरमधून सतत 'हूं' येते? ती बहुधा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. वायर हलवून खरखर वाढली तर जॅक किंवा सोल्डर बघा. पण तारेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच बंद. आधी जनरेटर बंद करायला सांगा, मग पिन काढा. ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांपैकी जाड पिन कापून टाकलेली मी टेम्पोवर पाहिली आहे. तीच अर्थिंगची पिन. वायरमनने अर्थिंग तपासल्याशिवाय बेंजो परत जोडू नका. ओल्या हाताने, ओल्या टेम्पोवर हा विषय 'चालतंय रे' म्हणून सोडायचा नाही.

वाजवून झालं की सुक्या फडक्याने तारा पुसा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यात येतात ना, त्याच.