रक्त वाढते, दाब उतरतो

गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातील रक्त सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, हृदयही दर मिनिटाला 30 ते 50 टक्के अधिक रक्त पुढे ढकलते, आणि तरीही निरोगी गर्भवतीचा रक्तदाब मधल्या तिमाहीत थोडा उतरून प्रसूती जवळ आल्यावर पूर्वपदावर येतो. श्रीगोंदा तालुक्यात कुकडीचे आवर्तन सुटल्यावर कालव्यात दीडपट पाणी येऊनही पातळी खाली गेली, तर चाऱ्यांची दारे उघडली असणार, हे शेतकरी लगेच ओळखेल. शरीरातही तसेच घडते, कारण रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होणारी नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये धमन्यांचे स्नायू सैल करतात, तर गर्भाशयातील वळणदार धमन्या वारेच्या पेशी आत शिरल्यामुळे स्नायू गमावून रुंद होतात.

अँजिओटेन्सिन हे धमन्या आवळून दाब चढवणारे, शरीरातच तयार होणारे द्रव्य आहे. डॅलस येथील नॉर्मन गँट आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींच्या शिरेतून ते मोजून सोडले व 1973 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: निरोगी गर्भवतींचा दाब चढवण्यास एरवीपेक्षा बरीच अधिक मात्रा लागते, मात्र ज्यांना पुढे गर्भारपणातील उच्च रक्तदाब जडला, त्यांच्या धमन्यांची ही दाद न देण्याची शक्ती दाब चढण्याच्या कित्येक आठवडे आधीच ओसरली होती. याच गटाने त्यानंतर सुचवलेली, कुशीवरून पाठीवर वळवून दाब मोजण्याची सोपी चाचणी भरवशाची ठरली नाही. म्हणूनच एकाच चाचणीत भविष्य सांगण्याच्या दाव्यांकडे सावधपणे पाहिलेले बरे. बोस्टनमध्ये अनंत करुमांची यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवले, की प्रीक्लॅम्प्सियात, म्हणजे उच्च रक्तदाबासह मूत्रपिंड, यकृत आदी अवयवांना इजा करणाऱ्या विकारात, वारेतून अतिरिक्त स्रवणारे एक प्रथिन रक्तवाहिन्यांना पोसणारे घटक अडवून धरते. पुण्याच्या भारती विद्यापीठात साधना जोशी यांच्या गटानेही या विकारातील अशा घटकांचा अभ्यास केला आहे.

विसाव्या आठवड्यानंतर दाब 140/90 किंवा त्याहून अधिक आढळल्यास तातडीने तपासणी आवश्यक ठरते; परंतु मधल्या तिमाहीतील नैसर्गिक उतारामुळे जुना उच्च रक्तदाब त्या काळात झाकला जाऊ शकतो, त्यामुळे पहिल्या तिमाहीतील नोंद अत्यंत मोलाची असते. गावी नाव नोंदवून गाळप हंगामात तालुक्यातील उसाच्या फडांवर येणाऱ्या गर्भवतीच्या बाबतीत ती नोंद मागे राहण्याचा धोका अधिक असतो. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या मोफत तपासणीला तिने माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेले, तरच डॉक्टरांना आजच्या आकड्याची तुलना आधीच्या आकड्यांशी करता येते.