भिंतीवरचें बोलकें चित्र

चित्रपट पाहतांना आपली दृष्टि नायकनायिकांच्या मुखावर खिळलेली असते. त्यांच्या पाठीमागील भिंतीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तथापि त्या भिंतीवर पुष्कळदां दुसऱ्याच एखाद्या चित्रपटाचें भित्तिपत्रक चिकटविलेलें असतें, आणि तें तेथें बहुधा हेतुपुरस्सर आलेलें असतें. पालकांस वाटेल कीं, शाळेच्या वार्षिकांत सिनेमाची चर्चा कशाला? मुलें चित्रपट पाहतातच. तर मग डोळे उघडे ठेवून पाहावेत, एवढेंच आमचें म्हणणें.

व्हित्तोरिओ दे सिका या इटालियन दिग्दर्शकाचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ सालचा चित्रपट घ्या. महायुद्धानंतरचें रोम शहर, बेकारीचे दिवस. आंतोनियो रिच्ची या गृहस्थास भित्तिपत्रकें चिकटविण्याची नोकरी मिळते, परंतु अट अशी कीं सायकल स्वतःची हवी. सायकल तर गहाण पडलेली! त्याची पत्नी मारिया बिछान्यावरील चादरी ओढून काढते व त्या गहाण ठेवून सायकल सोडविली जाते. कामाच्या पहिल्याच दिवशीं आंतोनियो शिडीवर उभा राहून खळीचा ब्रश फिरवीत असतां एक चोर ती सायकल पळवितो. त्या क्षणीं तो भिंतीवर काय चिकटवीत होता? 'गिल्डा' या १९४६ सालच्या अमेरिकन चित्रपटाची जाहिरात. तीवर रिटा हेवर्थ या नटीचें मोठें चित्र!

साबणाची जाहिरातही चालली असती. परंतु युद्ध संपतांच इटलींत अमेरिकन चित्रपटांचा पूर लोटला होता. ज्याच्या घरीं अंगाखालीं घालावयास चादर उरली नाहीं, त्यानेंच परक्या देशाचें तें वैभव सुरकुती न पडूं देतां भिंतीवर बसवावें, ही विषमता दिग्दर्शक एका शब्दानेंही बोलून दाखवीत नाहीं. आंतोनियो झालेला लांबेर्तो माज्जोरानी हा व्यवसायानें नट नव्हे, कारखान्यांतील कामगार होता. म्हणून त्याचे हात खोटे वाटत नाहींत. मुंबईस १९५२ सालीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत हा चित्रपट दाखविला गेला, आणि बिमल रॉय यांनीं त्यापासून स्फूर्ति घेऊन १९५३ सालीं 'दो बिघा जमीन' काढला.

भित्तिपत्रकाचा दुसरा उपयोग पंचांगासारखा होतो. 'द शॉशँक रिडेम्प्शन' या १९९४ सालच्या चित्रपटांत अँडी नांवाचा निरपराध कैदी कोठडीच्या भिंतीवर प्रथम रिटा हेवर्थ, मग मेरिलिन मन्रो, शेवटीं राकेल वेल्श अशीं चित्रें लावतो. चित्र बदललें कीं वर्षें लोटलीं, हें प्रेक्षक न सांगतां ओळखतो. चिकित्सक लोकांनीं येथें एक चूकही काढली आहे: अँडी १९६६ सालीं निसटतो, परंतु वेल्शचा तो चित्रपट अमेरिकेंत १९६७ सालीं प्रदर्शित झाला! पंचांग वापरावयाचें तर तिथि नीट पाहावी लागते.

त्या चित्रामागें अँडीनें वर्षानुवर्षें खणलेलें भुयार होतें. बायबलचीं वचनें सदैव तोंडीं असलेल्या लबाड तुरुंगाधिकाऱ्यास त्याचा थांगही लागला नाहीं. खणण्याची हातोडी तर एका बायबलाचीं पानें कोरून आंत लपविलेली होती, व तें बायबल त्या अधिकाऱ्यानें एकदां हातांत घेऊन न उघडतां परत दिलें होतें. पुढें तें उघडल्यावर दिसतें कीं, कोरलेली जागा सुरू होते ती नेमकी 'निर्गम' या पुस्तकापाशीं.