ओटा कोणाच्या पसंतीचा?

रमजानमध्ये असरची नमाज झाली की घराचा सगळा कारभार स्वयंपाकघराच्या ओट्यावर येतो. एकीकडे कलिंगड चिरले जाते, दुसरीकडे भज्यांचे पीठ कालवले जाते, मध्येच लिंबू पिळले जाते, चिंचेची चटणी सांडते. शेजारघरी ओट्याचा असाच कस दिवाळीच्या फराळाला लागतो. तरीही ओट्याचा दगड निवडतो कोण? बहुधा ठेकेदार किंवा घरातला कर्ता पुरुष. त्याच्यापुढे रोज उभी राहणारी बाई तो दगड बसल्यावरच पाहते.

खरे तर निवड तिनेच करावी, आणि दुकानात जाताना पर्समध्ये एक लिंबू ठेवावे. नमुन्याच्या तुकड्यावर रस टाकून पंधरा मिनिटांनी पुसावा. मार्बल आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या कुळातले. आम्ल लागले की त्यांचा पृष्ठभाग विरघळतो आणि चकाकी उडून निस्तेज डाग उरतो. हा डाग मळाचा नसतो, तिथे दगडच झिजलेला असतो. त्यामुळे घासून तो जात नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला शोभला, पण सरबताच्या ओट्याला तो सोसत नाही. ग्रॅनाइट मात्र लिंबाला दाद देत नाही.

ग्रॅनाइटचा शत्रू तेल. तुकड्यावर पाण्याचे थेंब ठेवावेत. थोड्या वेळात तिथे दगड गडद दिसू लागला, तर तो तेलही पिणार. असा दगड घ्यायचाच असेल तर त्यावर सीलर लावून घ्यावा आणि पाणी पुन्हा मुरू लागले की परत लावावा. काळ्याभोर दगडावर नेलपॉलिश रिमूव्हरने ओला केलेला पांढरा कपडा घासावा. कपडा काळा झाला तर तो रंग दगडाचा नाही, वरून चढवलेला आहे.

निगा अवघड नाही. सांडलेले लगेच टिपावे. रोज सौम्य साबणाचे पाणी पुरे; ॲसिड आणि व्हिनेगर दूर ठेवावे. तेलाचा डाग पडलाच तर खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून त्यावर थापावा आणि प्लॅस्टिकने झाकून रात्रभर ठेवावा. कढई जाळीवर उतरवावी. आणि ईदच्या साफसफाईत जाळी-जळमटे काढायला ओट्यावर चढू नये. सिंकच्या पुढे-मागे दगडाची पट्टी अरुंद असते, ती तिथेच तडकते.

इस्लामने उधळपट्टीला मनाई केली आहे. ती आपण ताटातल्या अन्नापुरती आठवतो. दोन पिढ्या टिकणारा दगड पाच वर्षांत उखडून फेकणे हीदेखील उधळपट्टीच. दगड घेण्याआधी घरातल्या बाईला दोन प्रश्न विचारले तर ती टळते: रंग कोणता हवा, आणि ओटा किती उंच हवा? रोजा ठेवून तासन्‌तास तिथे उभे राहायचे असते, ते तिलाच.