चवळीचा मान

चवळी हे मूळचे आफ्रिकेचे कडधान्य. सहाराच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशात माणसाने ते प्रथम लागवडीखाली आणले आणि इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ते भारतात पोचले. चरकसंहितेत आलेला राजमाष म्हणजे चवळीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इथून ती आग्नेय आशियात गेली आणि तिथे तिच्या हातभर लांब शेंगांच्या जाती तयार झाल्या. दुसरीकडे, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती अटलांटिकपार पोचली. जगभर तिला शुभ मानण्याच्या ज्या चाली आहेत, त्या या प्रवासाच्या वाटेवरच रुजल्या आहेत.

याच वाटेवरच्या मराठवाड्यातल्या जिंतूर तालुक्याची जमीन दोन प्रकारची. एका बाजूला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात. नेमगिरीच्या आसपास माळ मुरमाड आणि उथळ. पूर्णेच्या खोऱ्यात, येलदरी धरणाच्या बाजूला, खोल काळी. चवळी माळावर तगते, कारण तिचे मूळ खोल जाते आणि पावसाने ओढ दिली तरी वेल लगेच मान टाकत नाही. काळ्या जमिनीत मात्र पाणी साचले की ती जाते. मराठवाड्यात तिचे स्वतंत्र शेत क्वचितच असे. ज्वारी-कपाशीच्या काही तासांनंतर एखादे तास चवळीचे, मुगाचे, तिळाचे किंवा अंबाडीचे टाकायचे, ही इरवडीची रीत. इरवडीतला माल बाजारासाठी नसे. घरचे वर्षाचे कालवण त्यावर निघे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधत, तो फायदा वेगळाच.

चवळीला सणाच्या पंक्तीत जागा का मिळाली, याचे उत्तर पेरणीच्या हिशेबात सापडते. मृगात पेरलेल्या चवळीच्या कोवळ्या शेंगा दीड-दोन महिन्यांत, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, हाताशी येतात. नेमक्या त्याच वेळी घरोघरी महालक्ष्म्या बसतात. मराठवाड्यात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांच्या नैवेद्याला पुरणपोळी, आंबील व सोळा भाज्यांचा मान असतो. सोळा हा आकडा भरायचा तर बांधावरचे आणि इरवडीतले सगळेच वेचावे लागते. चवळीच्या शेंगा त्यात सहज येतात. पुढे आश्विनात घट बसतो, तेव्हा शेतातल्या मातीत घरात असतील ती धान्ये पेरली जातात. नऊ दिवसांत वर आलेल्या अंकुरांवरून येत्या हंगामाचा अंदाज बांधणारे शेतकरी आजही आहेत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. 'न खाई भोगी, तो सदा रोगी' ही म्हण या दिवसाच्या भाजीसाठी. ओला हरभरा, पावटा, तुरीचे दाणे, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे, शेंगदाणे आणि वरून तिळाचा कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. खरिपातली चवळी तोवर वाळलेली असते, म्हणून जिथे ती भोगीत पडते तिथे भिजवून पडते. दक्षिणेकडे लातूर-धाराशिव पट्ट्यात मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला शेतात बसून खाल्ली जाणारी भज्जी याच कुळातली: अनेक ओले दाणे, बेसन आणि आंबटपणा. बारशाच्या घुगऱ्याही त्याच जातीच्या. गहू, हरभरा किंवा इतर कडधान्य नुसते उकडून वाटायचे, एवढाच विधी. पण मोठी माणसे 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात' असे म्हणतात, ते त्या वाटण्याच्या आधारावर.

या सगळ्यात एक गोष्ट ठळक दिसते. इथे शकुन एकट्या चवळीचा नाही. शेतातले सारे काही एका भांड्यात आले, हा शकुन आहे.

इतरत्र तसे नाही. बाबिलोनियन तालमुदात अबाये या पंडिताने ज्यू नववर्षाला खाण्याचे जे पदार्थ सांगितले, त्यांत 'रुबिया' आहे. त्याचा उच्चार वाढ या अर्थाच्या शब्दाजवळ जातो. काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ मेथी केला, पण सीरियाकडच्या ज्यूंनी चवळीच धरली. हे नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे इथल्या भाद्रपद-आश्विनात येते. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलांनी त्याला 'नव्याचा सण' म्हटले आणि त्यापाठोपाठ नव्या धान्याच्या खिरीचा सण पाळला. तमिळनाडूत मार्चच्या मध्यावर कारडैयान नोंबूला तांदळाच्या पिठात चवळी घालून अडै वाफवतात. व्रत सावित्रीचेच, आपल्या वटपौर्णिमेसारखे. अमेरिकेच्या दक्षिणेत 1 जानेवारीला चवळी-भाताचा 'हॉपिन जॉन' खातात. 1847 सालच्या 'द कॅरोलायना हाउसवाइफ' या सारा रटलेज यांच्या पुस्तकात त्याची कृती आहे. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेने चवळी तेवढी मागे ठेवली, म्हणून ती शुभ ठरली, ही कथा तिथे आवडीने सांगतात. पण पदार्थ युद्धापूर्वीचा आहे आणि त्याची मुळे पश्चिम आफ्रिकेच्या स्वयंपाकात आहेत. आफ्रिकेतून नेलेल्या ज्या गुलामांनी तो रांधला, त्यांची ओळख या कथेत हरवते, हे खटकणारे आहे.

जिंतूरकडच्या स्वयंपाकात चवळीची पातळ आमटीच जास्त. चवळी चार-पाच तास भिजली की पुरे. मोहरी-जिऱ्याच्या फोडणीत कांदा, लसूण-खोबऱ्याचे वाटण, काळा मसाला, मग उकडलेली चवळी. रसाला दाटपणा द्यायला येसर, म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेली पूड. चिंचेचा कोळ मात्र दाणे बोटाने चेपले जाईपर्यंत घालू नये, कारण आंबटाने दाण्याची साल आणि गर दडदडीत राहतात. विहिरीच्या जड पाण्यातला चुनाही तेच करतो; अशा ठिकाणी भिजवणाच्या पाण्यात थोडे मीठ टाकल्यास दाणा लवकर मऊ होतो. जिंतूरला दिगंबर जैनांचे नेमगिरी हे अतिशय क्षेत्र आहे. परंपरा पाळणाऱ्या जैन घरांत कांदा-लसणाऐवजी हिंगावर आमटी होते, आणि द्विदल धान्यात कच्चे दही मिसळत नाहीत. 100 ग्रॅम कोरड्या चवळीत सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. भाकरीबरोबर ती खाल्ली की ज्वारीत कमी पडणारे लायसिन भरून निघते.

चवळीचा खरा शत्रू भुंगा. त्याची मादी शेतातच वाळत्या शेंगेवर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि कणगीत भोके पडलेले दाणे उरतात. म्हणून कडक ऊन देणे, राख चोळणे, कडुनिंबाचा पाला घालणे आणि बियाण्याला तेलाचा हात लावणे हे बायकांनी जपलेले उपाय. तेलाच्या थराने अंडी मरतात, हे प्रयोगांतही दिसले आहे. गेल्या काही दशकांत सोयाबीनने मराठवाड्याचा खरीप व्यापला. तणनाशक फवारलेल्या सलग शेतात इरवडीला जागा राहत नाही, आणि चवळी किराणा दुकानातून येऊ लागली. अजून परसात किंवा बांधावर चार वेल लावून महालक्ष्म्यांपुरत्या शेंगा काढणारी घरे आहेत; वेलावर मुद्दाम वाळवलेल्या शेंगांचे बी राखेत घालून ती पुढच्या मृगासाठी ठेवतात.