मोटारीचे चाक निवडताना

थाटीपुरात उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या टायरची बाजू निरखून पाहिल्यास तेथे ‘१८५/६५ आर १५’ अशासारखे आकडे आढळतील. मारुती स्विफ्टच्या काही प्रकारांना कारखान्यातूनच हे माप मिळालेले आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती, हे दर्शवितो. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो.

मोटार डौलदार दिसावी म्हणून १६ इंची रिम बसविण्याची हौस पुष्कळांना असते. अशा वेळी टायरची बाजू बुटकी घ्यावी लागते. ‘१९५/५५ आर १६’ घेतल्यास व्यास ६२०.९, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. ‘१९५/६५ आर १६’ घेतल्यास मात्र तो ६५९.९ होतो. वेगमापक चाकाचे फेरे मोजतो. त्यामुळे काटा ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात सुमारे ६४ च्या वेगाने धावते. वळणावर टायर आतून घासण्याचाही संभव असतो.

उलट, बाजू फारच बुटकी झाली तर खड्ड्याचा धक्का सोसणारी हवेची गादी कमी पडते व रिम वाकते. म्हणून आधी गणित करावे, मग रूप पाहावे. चालकाला न कळलेल्या चार किलोमीटरांची किंमत रस्ता ओलांडणाऱ्याला मोजावी लागू नये.