समुद्रावरचा उजेड आणि नंबराचा गॉगल

चष्म्याला आपल्याकडे 'चाळिशी' म्हणण्याची जी चाल पडली, तीत एक अचूक निरीक्षण आहे. वयाची चाळीस वर्षे उलटली की डोळ्यातील भिंगाचा लवचिकपणा कमी होतो आणि जवळची वस्तू हात लांब करून धरल्याशिवाय नीट दिसत नाही. पोथी वाचणाऱ्याला हे जितक्या लवकर कळते तितक्याच लवकर जाळ्याची फाटलेली घरे सांधणाऱ्यालाही कळते. सफाळ्याच्या पश्चिमेला दातिवरे, एडवण, केळवे ह्या किनाऱ्यावरच्या गावांतला मच्छीमार म्हणूनच चष्मा करून घेतो. मात्र होडीत पाय ठेवण्यापूर्वी तो काढून घरी ठेवतो. लाटेने जाईल, खाऱ्या पाण्याचे डाग पडतील, ओल्या हाताने पुसता येणार नाही, अशी त्याची कारणे असतात आणि त्यांतले एकही खोटे नाही.

ज्याला केवळ जवळचा नंबर आहे त्याचे असे करण्याने समुद्रावर फारसे बिघडत नाही. खरी पंचाईत दूरच्या नंबराची. उणे दोन नंबराच्या डोळ्याला अर्ध्या मीटरपलीकडचे, म्हणजे साधारण हातभर अंतरापलीकडचे सारे पुसट दिसते. उणे चार नंबराला ही मर्यादा वीतभर अंतरावर येते. अशा माणसाने चष्मा घरी ठेवला तर जाळ्यावरची तरंगती खूण, पाण्यात अर्धवट बुडालेला ओंडका, समोरून येणारी होडी ही सर्व त्याच्या दृष्टीने एकाच धुरकट पडद्यामागे असतात. रविवारी केळव्याच्या सुरूच्या बनात येणारी आमच्यासारखी नगरवासी मंडळीही हेच करतात. चष्मा पिशवीत जातो, गृहस्थ पाण्यात जातात आणि कमरेइतक्या पाण्यातून काठावरचे आपले मूल कोणते हे त्यांना ओळखू येत नाही. ह्यात हसण्यासारखे थोडे आहे, भिण्यासारखे अधिक आहे.

बरे, चष्मा ठेवला तरी समुद्रावर एक दुसरा शत्रू आहे, तो म्हणजे उजेड. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्याच्या पाठीशी सूर्य असतो आणि पाणी शांत, निळसर दिसते. दुपार कलली की तोच सूर्य समोर येतो आणि क्षितिजापासून पायापर्यंत झगझगीत पट्टा पडतो. रात्रभर समुद्रावर राहून पहाटे परतणाऱ्या होडीचे नेमके उलट होते. किनारा गाठताना तिचा तांडेल उगवत्या सूर्याकडे पाहत येतो. सूर्य माथ्यावर असताना शांत पाणी त्याच्या प्रकाशाचा शेकडा दोन इतकाच भाग परत फेकते. तोच सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर आला की हा भाग शेकडा पस्तीसपर्यंत चढतो. तेव्हा डोळे दिपतात ते आकाशातल्या सूर्यामुळे आणि पाण्यातल्या सूर्यामुळेही. टोपीची कड पहिल्याला अडवते, दुसरा खालून येतो त्याला ती काय करणार?

ह्या परतलेल्या प्रकाशाचा एक गुण मात्र आपल्या उपयोगाचा आहे. प्रकाशाच्या लहरी सामान्यतः सर्व दिशांनी थरथरत असतात. पाण्यावरून तिरपे परतताना त्यांतील आडव्या थरथरीच्या लहरीच प्रामुख्याने परततात, उभ्या बव्हंशी पाण्यात शिरतात. ह्याला ध्रुवण म्हणतात. १८०८ साली मालूस ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या काचांवरून परतणारा मावळतीचा प्रकाश एका स्फटिकातून पाहिला, तेव्हा हा गुण प्रथम ध्यानात आला. पुढे १८१५ मध्ये ब्रूस्टरने त्याचा नियम बसवला. पाण्याच्या बाबतीत सूर्य क्षितिजापासून सुमारे सदतीस अंशांवर असताना परतलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण आडवा असतो. आपल्या सफाळ्याच्या अक्षांशावर वसंतसंपाताच्या सुमारास ही वेळ दुपारी चारच्या आसपास येते. आडव्या लहरींना वाटच न देणारी काच त्या वेळी डोळ्यांवर धरली तर पाण्यावरची चकाकी मावळते आणि पाणी तेवढे उरते.

ह्या युक्तीने आपल्याच समुद्रावर एक मोठे काम झालेले आहे. १९२१ च्या सप्टेंबरात चंद्रशेखर वेंकट रामन हे 'नारकुंडा' आगबोटीने विलायतेहून मुंबईस परतत होते. समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅलेसारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत तेव्हा मान्य होते. रामन यांनी जवळचा एक निकोल लोलक डोळ्याला लावला, पाण्यावरून परतणारे आकाश त्याने विझवले आणि पाहिले तो समुद्र निळाच! रंग पाण्याच्या आतून येत होता. त्या निरीक्षणाचे पत्र त्यांनी मुंबई बंदरात पोचतानाच 'नेचर' ह्या नियतकालिकाकरिता लिहिले. आज बाजारात जो 'पोलराइज्ड' गॉगल मिळतो तो तत्त्वतः रामन यांच्या हातातला तो लोलकच होय. १९२९ साली एडविन लँड ह्या अमेरिकन तरुणाने त्याची पातळ पत्री बनवण्याची रीत काढली म्हणून तो आज नाकावर बसू शकतो.

परंतु चकाकी घालवणे ही झाली सोय. डोळा वाचवणे ही निराळी गोष्ट आहे आणि दुकानात ह्या दोहोंची गल्लत नेहमी होते. डोळ्याला इजा करतात ते प्रामुख्याने न दिसणारे किरण, ज्यांना जुन्या पुस्तकांत जंबुपार आणि आज अतिनील म्हणतात. कोरडी वाळू ह्या किरणांपैकी शेकडा पंधरा परतवते, लाटेचा फेस शेकडा पंचवीस. वर्षानुवर्षे हे सोसणाऱ्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून एक मांसल पापुद्रा बुबुळाकडे सरकू लागतो. शेतकरी, मच्छीमार, फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणारे खेळाडू ह्या सर्वांना तो होतो. इंग्रजीत त्याला नाव मात्र खेळाडूंचे मिळाले, 'सर्फर्स आय'. कोळ्याच्या वाट्याला तेवढीही कीर्ती आली नाही. हा पापुद्रा नाकाकडूनच का वाढतो? कारण कानशिलाच्या बाजूने शिरणारा तिरपा प्रकाश डोळ्याचा पारदर्शक घुमट वळवून नेमका नाकाकडच्या कडेवर एकवटतो. समोरून काळी काच आणि बाजूने मोकळे रान, असा गॉगल ह्या कामी अपुराच पडतो. मोतीबिंदूच्या कारणांतही हे किरण आहेत.

काच काळी आहे म्हणून ती अतिनील किरण अडवते, ही समजूत सोडून दिली पाहिजे. काळेपणा रंगाने येतो. किरण अडवण्याचा गुण काचेच्या द्रव्यात किंवा तिच्यावरील लेपात असतो. तो नसलेली नुसती काळी काच अधिक वाईट, कारण तिच्यामागे अंधार समजून बाहुली विस्फारते आणि किरणांना दार अधिक उघडे सापडते. म्हणून घेताना '४००' हा आकडा पाहावा. ह्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडतात. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत हे मोजण्याचे लहानसे यंत्र असते. मापून दाखवा म्हणण्यात संकोच नसावा. ध्रुवणाची परीक्षा तर घरीही होते. मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल धरून हळूहळू फिरवला आणि कोठेतरी पडदा काळा पडला की माल खरा. मच्छीमाराने हे खरेदीआधीच पाहिलेले बरे, कारण होडीवरील जीपीएसचा पडदाही काही कोनांतून असाच काळा दिसू शकतो.

आता नंबर. लाटांच्या खेळासाठी, जो आपल्याकडे मंगळूरजवळच्या मुल्की गावी चांगला रुजला आहे, नंबराचे खास गॉगल निघाले आहेत. डोक्यामागून पट्टा, कधी हनुवटीखालून दुसरा, पाण्याला वाट द्यायला कडेला भोके आणि पडले तर तरंगावेत अशी हलकी बांधणी. काच त्यांत नसतेच. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक वापरतात. ते आघाताने सहसा फुटत नाही आणि अतिनील किरणही स्वभावतःच अडवते. लाटेत स्वतःची फळीच तोंडावर आदळते, तेथे काचेचा चष्मा लावणे म्हणजे संकट विकत घेणे. केळव्याच्या सपाट किनाऱ्यावर फळीवरचे स्वार दिसत नाहीत, पण ह्या बांधणीतले सर्व गुण होडीवरही तितकेच उपयोगी आहेत.

अडचणीही आहेत. कानशिलापर्यंत वळलेल्या चौकटीत लहान नंबर सुखाने बसतो. मोठ्या नंबराचे भिंग तितके वळवले की कडेची दृष्टी वाकडीतिकडी होते. अशांनी साध्या चौकटीला बाजूच्या पट्ट्या लावून घ्याव्यात किंवा नेहमीच्या चष्म्यावरून चढवायचा मोठा गॉगल घ्यावा. दिसायला तो बेढब असतो, पण समुद्रावर आपल्याला पाहायला कोण येणार आहे? दोन नंबरांचे दुभागी भिंग होडीवर टाळावे, कारण पाय टाकताना नजर खालच्या, जवळच्या भागातून जाते आणि पायाखालची फळी पुसट होते. उन्हात आपोआप काळे होणारे भिंग सोयीचे खरे, पण कडक उष्म्यात ते पुरेसे काळे होत नाही आणि चकाकी घालवण्याचा गुण त्यात वेगळा घातल्याशिवाय येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरणे हा मार्ग डॉक्टर नाकारतात. पाण्यातील सूक्ष्म जीव लेन्सखाली अडकून दृष्टी घालवण्याइतका विकार करू शकतात. आणि ज्याला बुडी मारायची आहे त्याला चष्म्याचा उपयोगच नाही. पाण्यात भिंगाची शक्ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्याच्यासाठी हवा धरून ठेवणारा, नंबर घातलेला पोहण्याचा चष्मा मिळतो.

सर्वांत महत्त्वाची अडचण संध्याकाळची आहे आणि तिचा विचार गॉगल घेताना क्वचितच होतो. समुद्रावर चालणारी बहुतेक गडद काच प्रकाशाचा शेकडा आठ ते अठरा इतकाच भाग आत सोडते. भर उन्हात तेवढा पुरतो. पण दुपारी निघालेली होडी अंधारात परतते. बिननंबरी डोळ्यांचा खलाशी सूर्य बुडाला की गॉगल कपाळावर सारतो आणि मोकळा होतो. नंबरवाल्याने काय करावे? लावून ठेवला तर अंधार, काढला तर धुके. वैतरणेच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी, दुसऱ्या होडीचा तांबडा-हिरवा दिवा ओळखायचा असताना ह्या दोहोंपैकी एक पत्करणे बरे नव्हे. म्हणून नंबराचा गॉगल घेणाऱ्याने त्याच नंबराचा पांढऱ्या काचेचा चष्मा, मग तो कितीही जुना असो, घट्ट झाकणाच्या डबीत होडीवर ठेवलाच पाहिजे. गॉगलचा रंगही शक्यतो करडा असावा, त्यातून इतर रंग बदलत नाहीत.

सूर्य अगदी टेकला म्हणजे पोलराइज्ड काचेनेही चकाकी पुरती जात नाही, कारण त्या कोनात उभ्या लहरीही परतू लागतात. मान कलती केली तरी तिचा गुण उणावतो. काच बिघडली असे समजून ती बदलायला जाऊ नये.

राहता राहिली निगा. सुकलेल्या मिठाचे कण आणि वाळू ह्यांनी भिंग घासले की त्यावर चरे पडतात. किनाऱ्याला लागल्यावर प्रथम गोड्या पाण्याने धुवावे, मग मऊ सुती फडक्याने टिपावे. सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची आपली राष्ट्रीय सवय येथे चालणार नाही. लोखंडी स्क्रूची चौकट खाऱ्या हवेत गंजते, तेव्हा प्लास्टिकची बरी. आणि पट्टा मिळाला नाही तर दोन्ही काड्यांना सुताची दोरी बांधून ती मानेमागे आवळून घ्यावी, भिंगापाशी मात्र गाठ येऊ देऊ नये.